न झालेल्या नोंदीचा हिशेब

हिशेबतपासणीचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ठाऊक असते की चुकीची नोंद सापडणे तुलनेने सोपे असते. रोजमेळात आकडा असतो, पावतीवर आकडा असतो; दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. कठीण असते ती न झालेली नोंद. जी वहीत आलीच नाही, तिच्यावर बोट कुठे ठेवायचे? खतावणीची बेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, आणि तरीही पेढीचे खरे चित्र कागदावर उतरलेले नसते.

अमेरिकेतील परंपरावादी मंडळींची तेथील वृत्तमाध्यमांविरुद्धची तक्रार गेली पंचावन्न वर्षे मुख्यतः याच जातीची आहे. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाहिन्या धादांत खोटे सांगतात, असे त्यांच्यातील उथळ वक्ते म्हणतात खरे. परंतु विचारी मंडळींचे म्हणणे वेगळे आहे. पहिल्या पानावर काय घ्यायचे, कोणत्या घटनेला चार दिवस द्यायचे आणि कोणती दोन ओळींत संपवायची, हे ठरवणारी माणसे एकाच प्रकारच्या शाळांतून आलेली, एकाच प्रकारच्या शहरांत राहणारी आणि एकाच पक्षाकडे झुकलेली असतात, असा त्यांचा आक्षेप आहे. छापलेले बहुधा खरेच असते. पण बरेच काही छापलेच जात नाही.

हा विषय आपल्या मासिकात का घ्यावा, असे एखाद्या वाचकाला वाटेल. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये ज्यांची कचेरी आहे, किंवा अंधेरीच्या सीप्झमध्ये ज्यांचा दागिन्यांचा कारखाना आहे, त्यांच्या मालाचा एक मोठा ग्राहक अमेरिका होय. तेथे कोण काय विचार करतो याची माहिती आपल्याला ज्या दोन-तीन खिडक्यांतून मिळते, त्या खिडक्या कोणत्या दिशेला उघडतात, हे पाहून ठेवणे व्यवहाराचेच आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. ब्रिटनमधील त्या नावाच्या पक्षाला आपल्या वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ असे झकास नाव देऊन ठेवले. पण अमेरिकेत ना राजा, ना हुजूर. ‘पुराणमतवादी’ म्हणावे तर त्यात आधीच निंदा आली. म्हणून मी ‘परंपरावादी’ हा शब्द वापरतो. तेथील परंपरावादी हा तीन निरनिराळ्या प्रवाहांचा संगम होता : सरकारने व्यापारात हात घालू नये म्हणणारे, कुटुंब आणि चर्च यांना समाजाचा पाया मानणारे, आणि साम्यवादी रशियाला सैन्यबळाने रोखू पाहणारे. या तिघांना एका छताखाली आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी विल्यम बकली या तिशीही न गाठलेल्या तरुणाने १९५५ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाला जाते. म्हणजे या विचारधारेची घडण पक्षकचेरीत झाली तितकीच एका मासिकवजा वृत्तपत्राच्या संपादकीय टेबलावर झाली. माध्यमांविषयी ही मंडळी इतकी हळवी का, याचे एक कारण येथे आहे.

तक्रारीला सार्वजनिक रूप आले ते १३ नोव्हेंबर १९६९ रोजी, आयोवा राज्यातील डेस मॉइन शहरी. त्याआधी दहा दिवस राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनाम युद्धावर राष्ट्राला उद्देशून भाषण केले होते आणि ते संपते न संपते तोच वाहिन्यांवरील भाष्यकारांनी त्याची चिरफाड सुरू केली होती. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी डेस मॉइन येथे त्याला उत्तर दिले. भाषण लिहिले होते निक्सन यांचे तरुण सहायक पॅट ब्युकॅनन यांनी. त्यातील मुद्दा असा की, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे बसणारी डझनभर माणसे रोज रात्री चार-पाच कोटी अमेरिकनांना दिवसभरात जगात काय घडले ते सांगतात. त्यांना कोणी निवडून दिलेले नाही आणि ती कोणाला जबाबदारही नाहीत. गंमत अशी की तिन्ही प्रमुख वाहिन्यांनी हे भाषण थेट प्रक्षेपित केले. पुढे चार वर्षांनी, १९७३ मध्ये, करचुकवेगिरीच्या प्रकरणात ॲग्न्यू यांना पद सोडावे लागले. वक्त्याची पत गेली, पण वक्तव्य उरले. डझनभर माणसे हा शब्दप्रयोग सोडून दिला तरी प्रश्न रास्त होता, असे मला आजही वाटते.

त्या काळात सामान्य अमेरिकनाचा माध्यमांवर विश्वास मात्र भक्कम होता. गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के लोकांनी वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी किंवा पुष्कळ विश्वास असल्याचे सांगितले होते. तोच आकडा २०२५ मध्ये २८ टक्क्यांवर आला, आणि रिपब्लिकन मतदारांपुरता पाहिला तर अवघ्या ८ टक्क्यांवर. कोणत्याही पेढीच्या ग्राहकांपैकी निम्म्यांचा तिच्यावरचा भरवसा असा उडाला, तर दोष केवळ ग्राहकांच्या स्वभावाचा आहे असे म्हणून चालत नाही.

हा भरवसा कसा उडाला, याची तीन उदाहरणे पाहू. तिन्ही अलीकडची आहेत.

१४ ऑक्टोबर २०२० रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला तीन आठवडे उरलेले असताना, ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या वृत्तपत्राने जो बायडन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपमधील ईमेलवर आधारित बातमी दिली. मुलाच्या परदेशातील व्यवहारांत वडिलांच्या नावाचा उपयोग झाला काय, असा तिचा रोख होता. ट्विटरने त्या बातमीचा दुवा पाठवण्यासच बंदी केली आणि वृत्तपत्राचे खाते सुमारे दोन आठवडे गोठवले. फेसबुकने तिचा प्रसार मंदावला. पाच दिवसांनी ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्रक काढून म्हटले की, यात रशियन कारवाईच्या खुणा दिसतात. आपल्याकडे पुरावा नाही, हेही त्याच पत्रकात होते, पण ते वाक्य फारसे कोणी पुढे नेले नाही. सरकारी मदत घेणाऱ्या एनपीआर या नभोवाणी संस्थेच्या एका वरिष्ठ संपादकाने तर, ज्या बातम्या खरोखर बातम्या नाहीत त्यांवर आम्हाला वेळ घालवायचा नाही, अशा आशयाचे स्पष्टीकरण दिले. मार्च २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी त्यातील ईमेल अस्सल असल्याची खातरजमा केली, आणि जून २०२४ मध्ये हंटर यांच्यावरील बंदूक-खरेदीच्या खटल्यात खुद्द सरकारी वकिलांनी तो लॅपटॉप पुरावा म्हणून न्यायालयात मांडला.

त्या ईमेलमुळे बायडन दोषी ठरत होते काय? नाही; बापाने लाच घेतल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही आणि पुढे झालेही नाही. पण बातमी तपासून ती फोल ठरवणे वेगळे आणि न तपासता वहीबाहेर ठेवणे वेगळे. मतदानानंतर सतरा महिन्यांनी केलेली नोंद मतदाराच्या काय उपयोगाची?

दुसरे उदाहरण बायडन यांच्या वयाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशेष वकील रॉबर्ट हर यांनी आपल्या अहवालात राष्ट्राध्यक्षांच्या क्षीण स्मरणशक्तीचा उल्लेख केला, तेव्हा चर्चा हर यांच्या औचित्याचीच अधिक झाली. जूनच्या आरंभी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने, बंद दाराआडच्या बैठकांत बायडन मंदावलेले दिसतात, अशी सविस्तर बातमी दिली. तीत नाव घेऊन बोलणारे प्रामुख्याने रिपब्लिकन आहेत, म्हणून तिची संभावना पक्षपाती अशी करण्यात आली. मग २७ जूनला अटलांटा येथील वादसभेत कोट्यवधी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारी मागे घेतली. जे घरोघरच्या आजी-आजोबांना पडद्यावर पाहून समजत होते, ते राजधानीतील शेकडो वार्ताहरांना समजले नाही, हे परंपरावाद्यांना पटत नाही. मलाही पटत नाही. ज्या रकमेचे काय करायचे ते ठरत नाही, ती आपण उचंत खात्यात टाकतो. इथे एक आख्खा राष्ट्राध्यक्ष उचंत खात्यात पडून होता.

तिसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण त्यात कोणी बडा पुढारी नाही. ओहायो राज्यात, पेनसिल्वेनियाच्या सीमेला लागून, ईस्ट पॅलेस्टाइन नावाचे पाच हजारांहून कमी वस्तीचे गाव आहे. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तेथे नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. अडतीस डबे रुळांवरून उतरले. काहींत घातक रसायने होती. तीन दिवसांनी स्फोटाच्या भीतीने व्हिनिल क्लोराइडचे पाच टँकर मुद्दाम जाळण्यात आले आणि काळ्या धुराचा प्रचंड लोट त्या गावावर उभा राहिला. मार्चात नव्हे, त्याच आठवड्यात देशाच्या पडद्यांवर प्रामुख्याने काय होते? दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पाडलेला चिनी फुगा. वृत्तसंस्थांनी अपघाताची बातमी दिली होती, त्यामुळे ती दडपली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण घसा खवखवतो, ओढ्यात मासे मेले आहेत, विहिरीचे पाणी प्यावे की नाही, असे विचारणाऱ्या माणसांकडे मोठ्या वाहिन्यांचे कॅमेरे सावकाश वळले. परंपरावादी भाष्यकारांनी हा विषय धरून ठेवला. रिपब्लिकन सिनेटर जे. डी. व्हान्स, जे आज उपराष्ट्राध्यक्ष आहेत, यांनी डेमोक्रॅट सहकारी शेरॉड ब्राउन यांच्यासह रेल्वे-सुरक्षेचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. कंपनीने पुढे रहिवाशांचा सामूहिक दावा ६० कोटी डॉलरना मिटवला, आणि ते रसायन जाळण्याची गरजच नव्हती, असा निष्कर्ष केंद्रीय तपास यंत्रणेने २०२४ मध्ये काढला.

या तिसऱ्या प्रकरणात कटकारस्थान शोधणाऱ्यांना मी एक साधा व्यापारी प्रश्न विचारीन : त्या गावात वार्ताहर ठेवण्याचा पगार कोण देणार? २००५ पासून अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. त्यांतली बहुतेक गावोगावची साप्ताहिके. घरविक्री, नोकरी, जुनी मोटार अशा छोट्या जाहिरातींवर ती जगत होती आणि त्या जाहिराती संगणकाच्या पडद्यावर गेल्या. उरलेले वार्ताहर मोठ्या शहरांत एकवटले. दुसरीकडे ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वृत्तपत्राचे एक कोटीहून अधिक वर्गणीदार झाले आणि त्याचे उत्पन्न जाहिरातदाराकडून वाचकाकडे सरकले. जाहिरातदाराला सर्व पक्षांचे गिऱ्हाईक हवे असते. साबण काय, सगळेच वापरतात. वर्गणीदाराला मात्र आपल्या मनासारखा माल हवा असतो. मालकाने किंवा संपादकाने एकही हुकूम न काढता दुकानातील फळ्यांवरचा माल बदलत जातो. माध्यमांचा डावीकडील कल केवळ विचारसरणीने समजावून सांगणारे परंपरावादी हा हिशेब सहसा मांडत नाहीत. कारण मांडला, तर तो त्यांच्या स्वतःच्या दुकानालाही लागू पडतो.

त्यांचे दुकान उघडले कसे, हेही पाहू. १९४९ पासून अमेरिकेत नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांना ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा दंडक होता : सार्वजनिक महत्त्वाच्या वादात परस्परविरोधी मतांना जागा द्यावी. रेगन यांच्या काळात, १९८७ मध्ये, संबंधित आयोगाने तो रद्द केला. संसदेने त्याला कायद्याचे रूप देऊ पाहिले, तेव्हा रेगन यांनी नकाराधिकार वापरला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा नभोवाणी कार्यक्रम देशभर सुरू झाला. दुपारी तीन तास, एकच बाजू, आणि ट्रक चालवणाऱ्यापासून दुकानदारापर्यंत प्रचंड श्रोतृवर्ग. इतकी वर्षे आपले कोणी ऐकून घेत नाही असे वाटणाऱ्या माणसाला प्रथमच आपल्या भाषेत बोलणारा मिळाला होता. ७ ऑक्टोबर १९९६ रोजी रुपर्ट मर्डॉक यांनी फॉक्स न्यूज ही वाहिनी काढली आणि ती चालवायला रॉजर एल्स यांना बसवले. एल्स यांनी १९६८ मध्ये निक्सन यांच्या दूरचित्रवाणी प्रचाराचे काम केले होते. डेस मॉइनच्या भाषणाचे उत्तर सत्तावीस वर्षांनी बाजारात मिळाले, असे म्हणता येईल.

या दुकानाने बरेच चांगले केले. दक्षिण सीमेवरून होणारे स्थलांतर, शाळांतील अभ्यासक्रमावरील पालकांचे आक्षेप, शहरांतील गुन्हेगारी हे विषय इतरांनी घेण्यापूर्वी त्यांनी घेतले. परंतु गिऱ्हाईकाने मालकाला कसे बांधून टाकले, याची लेखी साक्ष २०२३ मध्ये न्यायालयात उघडी पडली. ३ नोव्हेंबर २०२० च्या मतमोजणीच्या रात्री ॲरिझोना राज्य बायडन यांच्याकडे गेल्याचे सर्वांत आधी सांगितले ते फॉक्सने. अंदाज अचूक होता. शेवटी बायडन तेथे सुमारे १०,५०० मतांनी जिंकले. पण प्रेक्षक खवळले आणि न्यूजमॅक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे वळू लागले. त्यानंतर मतदान यंत्रे बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने निवडणूक फिरवली, असे सांगणारे पाहुणे फॉक्सच्या पडद्यावर येत राहिले. कंपनीने अब्रूनुकसानीचा दावा लावला तेव्हा वाहिनीतील निवेदकांचे आणि अधिकाऱ्यांचे आपापसांतील संदेश बाहेर आले. पडद्यावर जे चालले होते त्यावर त्यांच्यापैकी अनेकांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. चिंता होती ती प्रेक्षक गमावण्याची. १८ एप्रिल २०२३ रोजी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. ॲरिझोनाचा अचूक अंदाज वर्तवणाऱ्या चमूतील राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये, गेली होती. खरी नोंद करणारा कारकून घरी गेला.

माझ्या मते परंपरावादी चळवळीला त्या ७८ कोटींपेक्षा या एका नोकरीची किंमत जास्त पडली.

आता २०२५ कडे येऊ, कारण आपला संबंध येथे प्रत्यक्ष येतो. सत्ता, संसद आणि जनाधार हाती आल्यावर परंपरावादी छावणीतच दोन वह्या उघडल्या गेल्या आहेत. एक जुनी, बकली आणि रेगन यांची : करार पाळा, व्यापार मोकळा ठेवा, सरकारचा हात आखडता ठेवा. दुसरी नवी, स्टीव्ह बॅनन यांच्यासारख्यांची : कारखाना परत आणा, परदेशी माल आणि परदेशी मजूर दोन्ही रोखा, आणि त्यासाठी सरकारी बळ खुशाल वापरा.

जानेवारी २०२५ च्या शेवटी कॅनडा आणि मेक्सिको यांच्यावर २५ टक्के आयातकर लावण्याची घोषणा झाली, तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या संपादकीय पानाने त्याची गणना इतिहासातील सर्वांत मूर्ख व्यापारयुद्धात केली. हे वृत्तपत्रही मर्डॉक यांचेच. पुढे जुलैत राष्ट्राध्यक्षांनी एका वेगळ्या बातमीवरून त्याच वृत्तपत्रावर दहा अब्ज डॉलरचा दावा ठोकला. ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने अमेरिकी वाहिन्यांवर एक जाहिरात दिली. तीत रेगन यांच्या आवाजात आयातकराचे तोटे सांगितले होते. ट्रम्प यांनी संतापून कॅनडाशी व्यापारी बोलणी थांबवली. ज्या भाषणातून ते तुकडे घेतले होते, ते २५ एप्रिल १९८७ चे नभोवाणी भाषण मुळातून वाचण्यासारखे आहे. रेगन त्यात खुल्या व्यापाराची बाजू घेतात हे खरे, पण त्या भाषणाचा प्रसंगच असा होता की, अर्धवाहकांच्या करारभंगावरून त्यांनी जपानच्या काही मालावर नुकताच कर लावला होता आणि अनिच्छेने का होईना, त्याचे समर्थन ते करत होते. जाहिरातीने तो भाग घेतला नाही. रेगन करांच्या विरुद्ध नव्हतेच, असे सांगणाऱ्यांनी उरलेला भाग घेतला नाही. एकाच पानाची अर्धी-अर्धी वही दोघांनी दाखवली.

सरकारी मदतीच्या प्रश्नावरही असेच दोन तट पडले. एनपीआरचे ज्येष्ठ संपादक युरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४ मध्ये लिहिले की, वॉशिंग्टनमधील आपल्या संपादकीय विभागात मतदार म्हणून नोंदलेले ८७ डेमोक्रॅट आढळले आणि रिपब्लिकन एकही नाही. संस्थेने त्यांच्या निष्कर्षांना विरोध केला आणि बर्लिनर यांनी लवकरच नोकरी सोडली. जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाची दोन वर्षांची सुमारे १.१ अब्ज डॉलरची तरतूद काढून घेतली. करदात्याच्या पैशाने एकाच बाजूची नभोवाणी का चालवावी, हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी विरोधात मत दिले, आणि त्यांचे कारणही ऐकण्यासारखे होते. तेथील दुर्गम किनाऱ्यांवर लहान सार्वजनिक केंद्रे हीच इशारा पोहोचवण्याची साधने आहेत. सिनेटमध्ये विषय चर्चेला असतानाच, १६ जुलैला, अलास्कात ७.३ तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामीचा इशारा द्यावा लागला होता. वॉशिंग्टनच्या संपादकांवरचा राग अलास्कातील कोळ्यांवर निघाला. सप्टेंबरमध्ये विनोदी निवेदक जिमी किमेल यांच्या एका टिप्पणीवरून प्रसारण आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी वाहिनीला सूचक दम दिला, आणि कार्यक्रम काही दिवस बंद पडला. तेव्हा टेक्सासचे कडवे परंपरावादी सिनेटर टेड क्रूझ यांनीच ही गुंडांच्या टोळीची रीत असल्याचे जाहीरपणे सांगितले. आज आपण हे हत्यार उगारले तर उद्या ते आपल्यावर चालेल, हे त्यांना दिसत होते.

भारताविषयी तर ही दुफळी स्वच्छ दिसते. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील जादा कर ५० टक्क्यांवर गेला. त्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांचे व्यापार-सल्लागार पीटर नव्हारो यांनी रशियन तेलाच्या खरेदीवरून युक्रेनमधील युद्धाचे खापर थेट आपल्या पंतप्रधानांवर फोडले. त्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षाच्याच निकी हेली, ज्या ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत संयुक्त राष्ट्रांतील राजदूत होत्या, चीनला तोंड द्यायचे तर भारतासारखा मित्र दुखावू नका, असे लेखणीने आणि भाषणाने सांगत होत्या. माझे निरीक्षण असे की, नव्हारो आपल्या घराघरांत पोहोचले, हेली फारशा पोहोचल्या नाहीत. संताप आणणारे वाक्य कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात दहा जण पुढे पाठवतात. समजुतीचे वाक्य एकही पाठवत नाही. न झालेल्या नोंदींबद्दल अमेरिकी संपादकांना नावे ठेवताना आपल्या या गटांचे संपादक आपणच आहोत, हे विसरता येत नाही.

व्हिसाचेच पाहा. १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर, म्हणजे सुमारे ८८ लाख रुपये, शुल्काचा आदेश निघाला. शुल्क दरवर्षी द्यावे लागेल, असे वाणिज्यमंत्र्यांच्या बोलण्यातून वाटले आणि सुट्टीवर आलेली मुले विमानतळांकडे धावली. दुसऱ्याच दिवशी सरकारने खुलासा केला की, शुल्क एकदाच आहे आणि नव्या अर्जांनाच लागू आहे. ज्यांनी डिसेंबर २०२४ मधील वाद लक्षपूर्वक वाचला होता, त्यांना या आदेशाने धक्का बसला तरी आश्चर्य वाटले नसावे. तेव्हा एलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी कुशल परदेशी मनुष्यबळाची बाजू मांडत होते, बॅनन आणि त्यांचे अनुयायी त्यावर तुटून पडले होते, आणि ट्रम्प यांनी मस्क यांच्या बाजूने कौल दिला होता. सप्टेंबरात पारडे उलटे फिरले. नोव्हेंबरात फॉक्सवर लॉरा इंग्रॅहॅम यांच्याशी बोलताना काही विशिष्ट कौशल्ये अमेरिकेत नाहीत, असे ट्रम्प यांनीच म्हटले, आणि त्यांचे निष्ठावंत पुन्हा नाराज झाले. हा विषय अमेरिकेतील डाव्या-उजव्यांच्या भांडणाचा म्हणून जो वाचील, त्याला काही उलगडणार नाही. हे भांडण एकाच घरातले आहे.

आयातकराविरुद्धच्या न्यायालयीन लढाईतही तेच दिसते. ती लढाई कोणा डेमोक्रॅट बड्या पुढाऱ्याने उभी केली असावी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्यातील एका प्रमुख दाव्यात पुढे होती न्यूयॉर्कची व्ही.ओ.एस. सिलेक्शन्स ही मद्य आयात करणारी लहान कौटुंबिक पेढी आणि तिच्यासोबतचे तसेच चार छोटे व्यावसायिक. त्यांचे वकीलपत्र घेतले लिबर्टी जस्टिस सेंटरने. सरकारी कामगार संघटनांच्या सक्तीच्या वर्गणीविरुद्धचा गाजलेला जेनस खटला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकणारी हीच संस्था, आणि तो निकाल परंपरावाद्यांनी डोक्यावर घेतला होता. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन संसदेला न विचारता कर बसवणे घटनेत बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. २८ मे २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो एकमताने मान्य केला. त्या तिघांपैकी एकाची नेमणूक रेगन यांनी केलेली, दुसऱ्याची ओबामा यांनी आणि तिसऱ्याची खुद्द ट्रम्प यांनी. ऑगस्टअखेर अपील न्यायालयानेही सात विरुद्ध चार मतांनी तेच म्हटले. ५ नोव्हेंबरला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले, तेव्हा ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना सर्वांत अडचणीचे काही प्रश्न विचारले. त्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण आणि संपूर्ण लेखी वृत्त न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे.